पूर्वेकडे तोंड करून काढलेले नकाशे

डेल्फीन मेनीगोट्सने बावीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर लोकांची घरं कागदावर काढली. तिरप्या खडकाच्या आमच्या आदिवासी भागात ही बाई या दोन कामांसाठी ओळखली जाते. दुसऱ्या कामात तिच्या हातून एक चूक झाली होती. ती चूक तिला सोडून बऱ्याच जणांना माहीत होती, आणि चार वर्षं कुणी तिच्यापाशी चकार शब्द काढला नाही. चॅप्टरच्या, म्हणजे आमच्या पंचायतीच्या, सभेत एका नळाच्या तोटीवरून तीन तास भांडणारी आमची माणसं. त्यांना हे कसं जमलं, याचं अजून नवल वाटतं.

आधी बसचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. हायस्कूल शहरात होतं, एकाहत्तर मैलांवर. डेल्फीन पहाटे साडेचारला इंजिन सुरू करायची आणि पाण्याच्या टाकीपलीकडच्या घरांपासून पोरं गोळा करत निघायची. जायला दोन तास, यायला दोन तास. हिवाळ्यात पोरं अंधारात घर सोडायची आणि अंधारातच परतायची. निम्मी तर दहावीपर्यंत कंटाळून घरी बसायची. डेल्फीनही स्वतः दहावीतच शाळेला रामराम ठोकून बसली होती. पुढे त्याच बसचं चाक तिने हातात घेतलं. का म्हणून विचारलं, तर म्हणायची, "पेंगणाऱ्या पोरांना नीट नेणारं कुणीतरी हवं ना."

तिचा एक नियम होता. पोर उतरलं की लगेच बस हलवायची नाही. घराचं दार उघडून आतून कुणीतरी हात हलवला, की मगच गिअर टाकायचा. ज्या वर्षी कमरेएवढं बर्फ पडलं, त्या वर्षी बस टाकीच्या बऱ्याच पलीकडे रुतली. सगळ्यात जवळ अस्बाहचं होगन, म्हणजे माती-लाकडाचं गोल घर होतं, अर्ध्या मैलावर. डेल्फीनने दोन-दोन पोरांचे हात धरून त्यांना तिथवर नेलं. सहा खेपा केल्या. प्रत्येक खेपेला अस्बाह दारात उभी राहून हात हलवायची आणि डेल्फीन पुन्हा मागे वळायची. बाराच्या बारा पोरं चुलीभोवती बसल्यावर अस्बाहने तिला आत ओढलं आणि तिच्या पापण्यांवरचं बर्फ आपल्या हातांनी पुसलं. ती पोरं दोन दिवस तिथेच मक्याची लापशी खात राहिली, आणि आज त्यातली निम्मी स्वतः आईबाप आहेत.

अस्बाह ही डेल्फीनच्या आईची बहीण, म्हणजे आमच्या हिशेबाने आईच. तिनेच डेल्फीनला वाढवलं. बाकी गाव तिला आजी म्हणतं. हातात काठी, अंगात मखमली झंपर आणि जिभेला धार. ऐंशी उलटले तरी मेंढ्या स्वतः राखते.

आता कागदाचं. मतदार म्हणून नाव घालायचा जो अर्ज काउंटीकडून येतो, त्यावर पहिल्याच ओळीत विचारतात : रस्त्याचं नाव आणि घराचा क्रमांक. आमच्या रस्त्यांना नावं नाहीत. काही तर रस्तेसुद्धा नाहीत, टायरांच्या दोन रेघा आहेत. टपाल येतं ते दुकानातल्या पेटीत, आणि पेटीत काही कुणी राहत नाही. अशा लोकांसाठी अर्जाच्या तळाशी एक चौकट ठेवलेली असते, तिच्यात आपलं घर कुठे आहे ते काढून दाखवायचं. ती चौकट काड्यापेटीएवढी. शहरातल्या माणसाचं घर मावेल त्यात, आमच्या टाकीपासून घरापर्यंतचे नऊ मैल कसे मावणार? म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्या वाटेला गेलंच नाही.

डेल्फीनला मात्र प्रत्येक घर पाठ होतं. बस चालवून चालवून ते तिच्या हातात भिनलेलं. तिने कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणला आणि दर शनिवारी बाजारात, भाजलेल्या मटणाच्या आणि जुन्या टायरांच्या दुकानांच्या मध्ये, घडीचं टेबल मांडून बसू लागली. जे बाजारात येऊ शकत नव्हते त्यांच्या दारात ती स्वतः गेली. दारात बसायची, गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद. म्हातारी माणसं ओठ पुढे काढून दिशा दाखवायची आणि ती रेघा ओढायची. कागद अर्जाला टाचायचा, खाली सही नाहीतर अंगठा, झालं.

मतदारांच्या माहितीची जी जाडजूड पुस्तिका काउंटी पाठवायची, तीही तिने अशीच घराघरांत पोचवली. म्हाताऱ्यांना इंग्रजी वाचता येत नाही आणि आमची भाषा त्यांनी कधी कागदावर पाहिली नाही. मग डेल्फीन ते सगळं आमच्या भाषेत बोलून कॅसेटमध्ये भरायची. न्यायाधीश कोण, कर कसला, कुठला प्रश्न कुठल्या पानावर, कोणतं वर्तुळ होकाराचं आणि कोणतं नकाराचं. "मी फक्त सांगते, ठरवायचं तुमचं तुम्ही," हे दर वाक्यामागे. आज्या मेंढ्यांमागे फिरताना कमरेला टेपरेकॉर्डर बांधून ते ऐकायच्या. मेंढ्यांनासुद्धा आता राज्यघटना कळते, असं चॅप्टरचा अध्यक्ष लेम्युएल बिट्सिली म्हणायचा. हा लेम्युएल डेल्फीनचा आतेभाऊ, त्यामुळे तिला चिडवणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क. "नाव मेनीगोट्स, म्हणजे ढीगभर शेळ्या," तो चारचौघांत म्हणे, "आणि दारात शेळी? एक नाही!"

दोन हजार साली तिने अशी दोनशेच्या वर नावं घातली. दोन हजार दोनच्या निवडणुकीत एक प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा होता. तिरप्या खडकालाच हायस्कूल बांधायचं का? डेल्फीनने कॅसेटवर तीनतीनदा सांगितलं, "शाळेचा प्रश्न मागच्या बाजूला, सगळ्यात खाली." मतदानाच्या दिवशी ती शहरातल्या रेडिओवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्या भाषेत माहिती सांगत बसलेली असायची. परत आली तर टाकीपलीकडची सगळी म्हातारी मंडळी झंपरावर 'मी मत दिलं'चे गोल कागद चिकटवून मिरवत होती. तिला धन्य वाटलं. शाळेचा प्रश्न एकोणीस मतांनी पडला. डेल्फीन दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टेबल मांडून बसली.

दोन हजार चारला तोच प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर आला. तेरा सप्टेंबरला शहरातल्या काउंटीच्या कचेरीत नोंदणी करणाऱ्यांची बैठक होती, म्हणून डेल्फीन तिकडे गेली. तिथे नकाशांचं काम मिसेस हॅलोरन पाहायच्या. जाड चष्मा, स्वेटरच्या बाहीत रुमाल, फार नेटकी बाई. त्यांच्या भिंतीवर सगळ्या भागाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर घरोघरच्या टाचण्या.

डेल्फीन आपली माणसं शोधत नकाशाजवळ गेली. काळ्या ओढ्याच्या वर, उत्तरेला, लाल टाचण्यांचा एक पुंजका होता.

"ही कुणाची घरं?" तिने विचारलं.

"तुमचीच माणसं आहेत, डेल्फीन. तुमच्याच कागदांवरून लावल्यात मी."

"इथे? इथे तर मेंढ्यासुद्धा चरायला जात नाहीत. पाण्याचा थेंब नाही."

मिसेस हॅलोरननी फाईल काढली. सगळ्यात वरचा कागद अस्बाहचा होता. खाली पाण्याची टाकी, तिच्यापासून वर जाणारी वाट, दोन झाडं आणि मग घर.

"बरोबर तर आहे," डेल्फीन म्हणाली. "टाकी, दोन झाडं, आईचं घर."

"हो ना. ही टाकी." बाईंनी भिंतीवर बोट ठेवलं. "आणि घर तिच्या वर. म्हणजे उत्तरेला, ओढ्यापलीकडे."

"वर म्हणजे उत्तर कशी? वर म्हणजे पूर्व."

मग डेल्फीनने तो कागद भिंतीवर धरला आणि हळूच उजवीकडे पाव वळसा फिरवला. घर आपल्या जागी जाऊन बसलं.

आमच्याकडे प्रत्येक घराचं दार पूर्वेला असतं. माणूस उठतो, दार उघडतो, समोर सूर्य असतो, आणि जे समोर तेच कागदावर वर. दारात बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो असंच काढील. उत्तरेकडे तोंड करून आमच्यात कुणी कुठलंच काम सुरू करत नाही. ज्या कागदांवर महामार्गाच्या मैलाच्या दगडाचा आकडा होता, ते कचेरीत बरोबर लावले गेले होते. टाकीपलीकडे महामार्ग नाही. तिथले अडतीस कागद आडवे वाचले गेले आणि अडतीस माणसं ओढ्यापलीकडच्या सीडर गावाच्या मतदार यादीत जाऊन पडली.

"म्हणजे माझ्या म्हाताऱ्यांची मतं वायाच गेली," डेल्फीन म्हणाली.

मिसेस हॅलोरननी याद्या उलटल्या. "नाही. वाया नाही गेली. अडतीसपैकी एकतीस जणांनी सीडरच्या केंद्रावर जाऊन मतदान केलंय. दोन्ही निवडणुकांत."

"सीडरला?" ओढ्यावर पूल नाही. सीडरला जायचं तर चौसष्ट मैलांचा वळसा, त्यातला निम्मा कच्चा. "आणि शाळेचा प्रश्न?"

"तो ओढ्याच्या अलीकडच्या मतपत्रिकेवर होता. सीडरच्या नव्हता."

"मग सीडरच्या मतपत्रिकेवर मागच्या बाजूला, सगळ्यात खाली काय होतं?"

बाईंनी जुनी मतपत्रिका काढली, वाचली आणि चष्मा काढून हातात घेतला. "सीडरसाठी नवा अग्निशामक बंब घ्यावा की नाही."

सीडरचा बंब दणदणीत मतांनी मंजूर झाला होता. आमची शाळा एकोणीस मतांनी पडली होती. एकतीसातून एकोणीस गेले किती, हे गणित डेल्फीनने परतीच्या एकाहत्तर मैलांत कितीदा केलं कुणास ठाऊक. त्या मैलांवर बावीस वर्षं पोरं तिच्या मागे मान टाकून झोपलेली असायची. दोन वर्षं ती शाळा तिच्या रेघांखाली अडकून पडली होती. मध्येच तिने पिकअप बाजूला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडून घेतलं.

ती तडक चॅप्टरच्या घरी, म्हणजे सभाघरात गेली. लेम्युएल कॉफीचं भांडं घासत होता.

"टाकीपलीकडचे लोक मतदानाला सीडरला जातात," ती म्हणाली.

लेम्युएलचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"सगळ्यांना माहीत आहे. बस की. पहिल्या वेळी सकाळी सातला आजी इथे मतदानाला आली, तर यादीत नाव नाही. तिच्या मागच्यांचंही नाही. केंद्रावरच्या बाईने सांगितलं, तुमची नावं सीडरला आहेत. आजीने विचारलं, आमची घरं तिकडे कुणी नेली? बाई म्हणाली, डेल्फीनच्या कागदांवरून गेलीत. आजीने काठी उचलली, म्हणाली, चला सीडरला. आणि यातलं अक्षर जरी डेल्फीनच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ आहे. चार पिकअप भरून गेले."

"का पण? एका शब्दाने सांगायचं होतंत! एका दिवसात दुरुस्त केलं असतं मी."

"ते तिला विचार. मी नुसता अध्यक्ष, मला कोण काय सांगतंय?"

मग डेल्फीनने त्याला बंबाचं सांगितलं. लेम्युएल आधी हसला, आणि मग त्याचा चेहरा उतरला. "शाळेचा प्रश्न तिकडे नव्हताच? अगं, आम्हाला वाटलं गव्हर्नर तोच, कागद तोच. म्हणजे शाळा आपणच..."

"आपण नाही. मी."

"बाईसाहेब, लाज सवडीने वाटून घ्या. मुदत कधीपर्यंत आहे?"

"चार ऑक्टोबर."

"आणि घरं?"

"अडतीस."

"मग उभी काय राहिलीस? शेळ्या तर राखायच्या नाहीयेत तुला."

एकवीस दिवसांत अडतीस घरं म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण आमच्याकडे कुणाच्या दारावर धाडकन थाप मारत नाहीत. गाडी अंगणापासून लांब उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि आतलं कुणी बाहेर येईपर्यंत वाट बघायची. मग कूळ-गोत विचारायचं, पावसाचं बोलायचं, कॉफी घ्यायची, रस्सा आणि फ्राय ब्रेड, म्हणजे आमची तळलेली जाड पोळी, खायची. कामाचं त्याच्या नंतर. म्हातारा मेंढ्या घेऊन डोंगरावर गेला असेल तर तो दिवस फुकट.

पहिल्याच घरी तिने मान खाली घालून सांगितलं, "आजोबा, माझी चूक झाली. तुमचं घर मी भलतीकडे काढलं." ते होते हॉस्की क्लॉ, वय वर्षं पंच्याऐंशी, ऐकायला एकाच कानाने येणारे.

"म्हणजे आता सीडरला जायचं नाही?" हॉस्की आजोबांनी विचारलं.

"नाही. इथेच, आपल्या चॅप्टरला."

"अरेरे. तिकडचा रस्सा फार फक्कड असतो गं. आपल्या इथे लेम्युएल मटण मोजून टाकतो."

"आजोबा, तुम्ही मला रागवा तरी."

"रागवायला कान ठीक लागतात," म्हातारा म्हणाला आणि त्याने कॉफीचा पेला पुढे सरकवला.

सगळीकडे हेच. कुणी म्हणालं, त्या निमित्ताने सीडरची बहीण भेटायची. कुणी म्हणालं, चार पिकअप भरून गाणी म्हणत जायचो, दोन वर्षांतून तेवढीच मजा. ती माफी मागायला तोंड उघडायची आणि त्यात फ्राय ब्रेड कोंबला जायचा. 'का नाही सांगितलंत?' असं विचारलं की सगळे ओठ पुढे काढून एकाच दिशेला दाखवायचे, अस्बाहच्या घराकडे.

नवे नकाशे काढताना आणखी एक घोळ झाला. आता कागदाच्या वर उत्तर घ्यायची, म्हणून तिने म्हाताऱ्यांना तसं सांगून पाहिलं. कुणी ऐकेना. "त्या दिशेला तोंड करून बसू? मी? माझं काय बिघडलंय?" मग तिने नाद सोडला. नकाशा दारात बसून, समोर पूर्व ठेवूनच काढायचा आणि शेवटी डाव्या कडेला बाण काढून 'उत्तर' लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात दुकानातल्या पेटीत तिच्या नावाने एक लहानसं पार्सल आलं. आत चार दिशांचा रबरी शिक्का होता आणि मिसेस हॅलोरनची चिठ्ठी. 'हा कागदावर कुठेही, कसाही फिरवून मारा. मी बाकीचं बघते. त्या ओसाड जागेवर मी चार वर्षं टाचण्या लावल्या आणि इथे माणसं राहतात का, असं एकदाही तुम्हाला विचारलं नाही. मला माफ करा. चार तारखेला तुम्ही येईपर्यंत माझं टेबल उघडं असेल.' डेल्फीनने ती चिठ्ठी पिकअपच्या आरशाला अडकवून ठेवली. ती अजून तिथेच आहे, उन्हाने पिवळी पडलेली.

सदतीस घरं झाली. अस्बाहचं तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तीन ऑक्टोबरला दुपारी ती तिथे गाडी लावून बसली. अस्बाहने खिडकीतून पाहिलं आणि बराच वेळ बाहेर आली नाही. शेवटी काठी टेकत आली आणि दारातल्या बाकावर बसली.

"सदतीस घरी रस्सा खाल्लास," ती म्हणाली. "इथे भूक घेऊन आलीस का?"

"आई, तुला सगळं माहीत आहे."

"मला सीडरचं माहीत आहे. सीडर काय, लांब आहे एवढंच."

"शाळेचं माहीत नाही तुला." डेल्फीनने एका दमात सांगून टाकलं. तिकडच्या कागदावर शाळा नव्हतीच. तू ज्या वर्तुळात होकार भरलास ते बंबाचं होतं.

अस्बाहने मान वळवून अंगणाकडे पाहिलं. अंगणात तिची पणती शॅन्डीन कोकराला बाटलीने दूध पाजत होती. पोरगी आठवीत होती. पुढच्या वर्षी तीच पहाटेची बस, नाहीतर शहरातलं वसतिगृह. शाळा मागच्या वेळीच मंजूर झाली असती, तर एव्हाना भिंती उभ्या राहिल्या असत्या. डेल्फीनला वाटलं, आता काठी बसते.

"म्हणजे मी बंबाला मत दिलं," अस्बाह म्हणाली.

"हो."

"कसा आहे गं?"

"लाल आहे. मोठा. पुढे पितळी घंटा आहे."

अस्बाहचे खांदे हलायला लागले. आधी डेल्फीनला वाटलं ती रडतेय. म्हातारी हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "चौसष्ट मैल जाऊन! घंटेसकट!" मग तिने झंपराच्या बाहीने डोळे पुसले. "आण तो कागद."

नकाशा झाला, शिक्का झाला, अंगठा उमटला. डेल्फीनने कागद फाईलमध्ये ठेवला, पण तिचा पाय निघेना. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"मत देऊन झाल्यावर विचार. आधी कामं उरक."

चार तारखेला मिसेस हॅलोरननी अडतीसच्या अडतीस टाचण्या एकेक करून उपटल्या आणि ओढ्याच्या अलीकडे लावल्या. शेवटची त्यांनी डेल्फीनच्या हातात दिली. तिने ती आईच्या घरावर टोचली.

दोन नोव्हेंबरला डेल्फीन रेडिओवर गेली नाही. चॅप्टरच्या घरात दुभाषी म्हणून बसली. सकाळी सातच्या आधीच चार पिकअप दारात लागले. सवयच होती त्यांना. अस्बाह सगळ्यात पुढे, जांभळा मखमली झंपर, गळ्यात निळ्या खड्यांची माळ, लग्नाला निघाल्यासारखी. केंद्रावरच्या बाईने यादीवर बोट फिरवलं. डेल्फीनचा जीव त्या बोटाखाली होता. बोट थांबलं.

"आहे," बाई म्हणाली. "अस्बाह क्लॉ."

"असणारच," अस्बाह म्हणाली. "मी इथेच राहते."

मतपत्रिका हातात आल्यावर तिने पहिल्यांदा ती उलटी केली आणि मागच्या बाजूला अगदी तळाशी बोट ठेवलं. "हे काय आहे? खरं सांग. बंब नाही ना?"

"शाळा आहे, आई. पहिलं वर्तुळ होकाराचं, दुसरं नकाराचं. ठरवायचं तुझं तू."

"माहीत आहे. चार वर्षं तुझीच कॅसेट ऐकतेय."

हॉस्की आजोबा आले, बाकीचे आले. अडतीसपैकी सदतीस आले. अडतिसावी आजी दवाखान्यात होती, तिने टपालाने मत पाठवलं होतं. रस्सा लेम्युएलने केला होता आणि या वेळी मटण मोजलं नव्हतं, तरी हॉस्की आजोबांनी सीडरच्या रश्श्याची आठवण काढलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी चॅप्टरच्या दारावर आकडे लागले. शाळा तेवीस मतांनी मंजूर झाली होती. लेम्युएलने ते आकडे मोठ्याने वाचले आणि मग डेल्फीनकडे वळून म्हणाला, "मेनीगोट्स बाई, गावाने ठराव केलाय. तुम्हाला एक शेळी द्यायची." सगळे हसले. तिला मात्र हसू येईना, रडूही येईना. ती नुसती प्रत्येकाचा हात हातात घेत राहिली.

अस्बाहला तिने आपल्याच गाडीतून घरी सोडलं. टाकी मागे पडली तेव्हा डेल्फीन म्हणाली, "झालं मत देऊन. आता सांग."

अस्बाह समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"दुरुस्त केलं असतं."

"नाही. तुला मी वाढवलंय. लाजेने तू पाटी चुलीत घातली असतीस. दहावीत एकदा नापास झालीस तर पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाहीस. बस लांबची होती, हे लोकांना सांगायला." डेल्फीनने मान वळवली. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. "आम्हाला कागदावर आणणारं दुसरं कोण होतं? ऐंशी वर्षांत कुणी माझ्या दारात बसून माझं घर काढलं नव्हतं. तू काढलंस. चुकीच्या जागी का असेना, मी यादीत होते. तू बर्फातून सहा खेपा मारल्यास. आम्ही सीडरला दोन मारल्या. त्यात काय मोठंसं?"

डेल्फीनला पुढचं नीट दिसेना, म्हणून तिने वेग कमी केला.

"पण शाळा दोन वर्षं लांबली ती आमच्या गप्प बसण्याने," अस्बाह म्हणाली. "ती चूक आमची. पुढच्या वेळी तोंडावर सांगेन."

"सांग. काठीने सांग."

"आणि तू पाटी टाकायची नाहीस."

"नाही टाकणार, आई. तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर."

"मग चाकावर लक्ष ठेव. रस्त्याबाहेर चाललीस."

होगनजवळ गाडी थांबली. अस्बाह उतरली, काठी टेकत अंगण ओलांडून गेली, आणि दार तिच्या मागे बंद झालं. डेल्फीन इंजिन चालू ठेवून बसून राहिली. थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं. दारात शॅन्डीन होती, तिच्या मागे अस्बाह. दोघींनी हात हलवला, तेव्हा कुठे तिने गिअर टाकला.